अभ्यासविषय

तार्तू विद्यापीठ, तिसरा मजला.
दारावर नाव हिल्ये राउडसेप, खाली तीन ओळी:
पदवी इथलीच. डॉक्टरेट उप्सालाची.
अभ्यासविषय: उपाशी पेशी
स्वतःचंच काय काय खाते,
आणि कुठे थांबते.

सहा वर्षांची आई सायबेरियात
बटाट्याच्या साली मोजून खायची,
हे मावशीकडून कळलेलं. पाटीवर नाही.
आई बोललीच नाही कधी.
फक्त ताट पावानं पुसून घ्यायची
लख्ख,
पाहुण्यांसमोरसुद्धा.

नवा विद्यार्थी विचारतो, हाच विषय का?
ती चष्मा पुसते.
"त्या वर्षी एवढाच सूक्ष्मदर्शक रिकामा होता."

मग खोलीतला दिवा मालवते.
काळ्या पडद्यावर हिरवे ठिपके,
पेशीनं स्वतःतलंच जुनं काही
गिळायला घेतलेलं.
ती मोजू लागते,
एकही सांडू नये
अशी.