झारेकरी

दिवाळीआधी सराफ्यातला वर्षभराचा कचरा
आम्ही विकत घेतो. अमळनेरात हे सांगावं लागत नाही.
फुटक्या मुशी, कुंच्याचे झडलेले केस,
कारागिरांच्या हात धुण्याच्या घंगाळातला गाळ,
एकदा तर आख्खी सतरंजी.
दादा तासभर घासाघीस करत बसले
तिच्या धाग्यात अडकलेल्या, न दिसणाऱ्या सोन्यासाठी.

जाळायचं, कुटायचं, चाळायचं,
बोरीत उभं राहून पाटी फिरवायची.
(बोरी आटली. आता हौद, आणि टँकरवाल्याची उधारी.)
शेवटी पारा. राखेतून तो गोल गोल हिंडतो
आणि कण पोटात घेतो.
आजोबा म्हणायचे,
कचराम्हा सोनं ऱ्हास भो, नजर जोयजे.

बत्तिसाव्या वर्षी माझा डावा पाय मागे राहू लागला.
वहीतल्या रकमा बारीक होत गेल्या,
पानाच्या कडेला पोचेपर्यंत मुंग्या.
मांडीवर ठेवलेला हात
आपला आपणच विडी वळत बसायचा.
तुना हात काबर हालस, भिकन?
गल्लीनेच उत्तर दिलं: पारा.
दादांनी पाऱ्याची बाटली माळ्यावर टाकली
आणि दोन दिवस जेवले नाहीत.

रक्त हैदराबादला गेलं.
महिन्याने कागद आला. पारा नव्हे.
पार्किन नावाचा जीन, सहाव्या गुणसूत्रावरचा,
त्याचा तिसरा तुकडा गहाळ.
दोन्ही प्रतींत गहाळ.
एक प्रत दादांकडून, एक आईकडून;
आई दादांच्या सख्ख्या मामाची मुलगी.

उज्ज्वला, माझी बहीण, कॉलेजात शिकवते.
तिने ओट्यावर बसून सांगितलं, गहू निवडता निवडता:
प्रत्येक पेशीत एक झारेकरी असतो, दादा.
वाकलेलं, जळकं, कामातून गेलेलं
हुडकून त्यावर खूण चिकटवतो.
खूण दिसली की ते एका पोकळ पिंपात ओढलं जातं,
आत कातऱ्या. तुकडे होतात,
तुकड्यांतून पुन्हा नवं घडतं.
बंद पडलेली वीजघरंसुद्धा तोच दाखवतो,
पेशीतली दीपनगरं. ती पाडायची दुसरीकडे.
भिकनचा खूण करणारा कामावर आलाच नाही.

दादा ऐकत होते. मग कचऱ्याच्या व्यापाऱ्यानं
विचारावं तेच विचारलं:
म्हणजे याच्या डोक्यात किती वर्षांचा माल पडलाय?

चौतीस, उज्ज्वला म्हणाली.
आणि गव्हातला खडा शोधत राहिली,
खडा तिच्या बोटातच होता.
तिने स्वतःचं रक्त अजून दिलेलं नाही.
आम्ही कोणी विचारत नाही.

आई रात्री भांडी लावताना म्हणाली,
मामाकडून मी सात तोळे घेऊन आले,
सासूबाईंनी दोनदा वजन केलं होतं.
हे नाही निघालं काट्यात.

आता गोळी पहाटे सहाला, मग अकराला.
गोळी आणि डाळ यांचं आतल्या दारावर भांडण होतं म्हणे,
दोघींना एकाच फटीतून जायचं असतं.
म्हणून कळण्याची भाकरी मला तासाभराने,
गार. आई तेवढा वेळ स्वतःही थांबते.
मी सांगून थकलो.

काल हौदाशी दादांनी पाटी माझ्या हातात दिली.
मी म्हटलं, सांडेल.
घे तर.

डॉक्टरीणबाईंनी हे सांगितलं होतं, मीच विसरलो होतो:
हा कंप रिकाम्या हाताचा.
पाटी घेतली आणि हात शांत झाला,
लाजल्यासारखा.
पाय मात्र नाही, पाय आपला मागेच.

पाणी फिरवलं. हलकं ते वर आलं, वाहून गेलं.
तळाशी काळी रेघ उरली,
तिच्या टोकाला पिवळं काही, मोहरीच्या निम्म्यानं.
दादा वाकले, चष्मा वर केला.
पितळ आहे, म्हणाले.
आणि पाटी घेतली नाही परत.