टाका

डॉक्टर म्हणाले, हात पुढं करा, बोटं फाका.
बोटांवर त्यांनी एक कोरा कागद ठेवला.
तो हलत होता,
पंखा बंद असून.

हुपरीत घरोघरी पैंजणं होतात.
तेवीस वर्षं मी कड्या जोडते :
चिमट्यात कडी, ओठांत फुंकणी,
ज्योत वाकवायची आणि तिळाएवढा टाका.
गेल्या श्रावणापासून तीळ जागा सोडतो.
शेठ काही बोलले नाहीत.
बारीक काम उपाध्यांच्या सुनेकडं गेलं,
माझ्याकडं पॉलिश आलं.

गळ्यात फुलपाखरू असतं म्हणे, सगळ्यांच्याच.
माझं बसत नाही.
बसल्या जागी मी रंकाळ्याला फेरी मारून आल्यागत धापते,
चार भाकरी खाते आणि बांगड्या कोपरापर्यंत चढतात.

राजारामपुरीच्या त्या दवाखान्यात निरंजन म्हणून पोरगा आहे,
संशोधन करतो.
म्हणाला, मावशी, एक रेणू आहे,
अमिनो आम्लांच्या भावकीतला.
गळ्यातनं सुटलेला हुकूम पेशीच्या माजघरात शिरताना
हा दारात आडवा पडतो, असं दिसलंय काही ठिकाणी.
पक्कं व्हायचंय अजून.
नाव कार्निटिन. मूळ शब्द मांसाचा.

मी पदर तोंडाला लावला.
आमच्यात चातुर्मासात कांदासुद्धा बंद,
आणि खिडकीखाली कुठल्यातरी खानावळीत
तांबड्याची फोडणी बसत होती.

तो हसला. मटणात असतं खरं,
पण तुमचं यकृतही करतं की ते,
डाळीतल्या लायसीनपासनं वगैरे.
कुणाला न मारता.

एसटीत मी बरगडीखाली उजवीकडं हात ठेवला.
इतकी वर्षं आत एक कारागीर बसलाय
आणि मी त्याला कधी चहा विचारला नाही.

कागदावर सही दिली. सहीसुद्धा हलली.
आता रोज दोन पुड्या,
डॉक्टरांच्या गोळ्या मात्र सोडायच्या नाहीत.
निम्म्यांच्या पुडीत ते आहे, निम्म्यांच्या पुडीत नुसतं पीठ.
माझ्या पुडीत काय, निरंजनलाही ठाऊक नाही.

काल घरचे झोपल्यावर जुनी फुंकणी काढली.
एक कडी बसली.
पहिल्याच फुंकरीला.

पीठ असेल. गोळ्या असतील.
मी श्वास धरला असेल.

खूण म्हणून ठेवावी वाटली, ठेवली नाही.
सकाळी इतर कड्यांत मिसळून दिली.
कुणाच्यातरी पायात जाईल,
चालेल.