उपाशी रांग

कृमी एक मिलिमीटर लांब.
आरपार दिसतो, कांद्याच्या पापुद्र्यासारखा.
घसा हलतोय म्हणजे जेवतोय.
थांबला तर वेळ लिहायची. माझं काम एवढंच.

कुपवाड रस्त्याला, हळदीच्या गोदामाला लागून
आमची प्रयोगशाळा. मार्च ते मे
पांढऱ्या कोटांच्या कॉलरीही पिवळ्या.
सर म्हणतात, हळदीचा परिणाम वजा करून लिहा,
आणि हसतात. एकटेच.

प्लेटा दोन रांगांत.
डावीकडे जीवाणूंची साय पसरलेली. ह्या जेवणाऱ्या.
उजवीकडे नुसता अगार, कोरा.
इथं अंड्यातून बाहेर आलेलं पिल्लू
तोंड उघडतं, काही मिळत नाही,
आणि वाढायचं थांबतं.
मरत नाही, थांबतं.
ही दोन क्रियापदं वेगळी आहेत
हे कळायला मला दोन वर्षं लागली.

आत तेव्हा असं होतं:
रायबोसोम, म्हणजे प्रथिनं विणणारे माग,
एकेक करून बंद पडतात.
विट्यात पाळी सुटल्यावर जसा
गल्लीचा खडखडाट उतरत जातो
आणि कुणाचं तरी खोकणं एकदम ऐकू येतं.
मग इतके दिवस राहिलेली कामं निघतात.
वाकडी प्रथिनं सरळ करा,
मोडकी सोडवून सुटे भाग बाजूला ठेवा,
उष्णता आली तर काय, त्याची तजवीज करा.

एका प्रथिनाला आम्ही हिरवा उजेड बांधलाय.
भरल्या पोटी तो अंगभर सांडलेला.
भूक लागली की तोच
केंद्रकाकेंद्रकात गोळा होतो, ठिपके ठिपके,
रात्री नदीपलीकडून हरिपूर दिसावं तसा.

इलाहीभाई शिकलगार प्लेटा ओततात.
बुडबुडा येऊ देत नाहीत.
यंदा रमझान एप्रिलात.
पहाटेपासून पाण्याचा थेंब नाही
आणि डाव्या रांगेला जेवण घालतायत.
मी विचारलं, काका, तुमचं हिरवं कुठं जमतं?
म्हणाले, "दोन वाजल्यानंतर सगळं डोळ्यांत येतंय, मॅडम."

गुरुवारी लाइट गेली. सात तास.
जनरेटरनं एकदा ढेकर दिली आणि गप्प.
इन्क्युबेटरचा आकडा वीसचा छत्तीस.

आधी डावी रांग उघडली.
धष्टपुष्ट, चकचकीत, वाढीत रमलेले,
काडीसारखे ताठ. तारेनं डिवचलं. नाही.
शंभरातले एकोणीस हलले.
उजव्या रांगेतल्या पहिल्यालाच तार टेकवली,
तो जरा वेळानं, कुरकुरत,
आधी स झाला, मग ळ.
शंभरात त्र्याहत्तर. दोनदा मोजले.

सर खूश. उपासावर व्याख्यान ठेवू म्हणाले,
हॉल मिळेल, लोक येतील.
मी जतची आहे.
उपासाचं कौतुक मला कुणी सांगू नये.
उजव्या रांगेतल्या एकानंही
एक अंडं घातलेलं नाही.
एक पेशी वाढवलेली नाही.
वाचले. तेवढंच.
त्याच्यासाठी काय काय बंद ठेवलं होतं
ते आलेखात येत नाही, त्याला अक्ष नाही.

संध्याकाळी मशिदीचा भोंगा कुरकुरला.
इलाहीभाईंनी खजूर खिशातून काढला,
बेसिनपाशी उभं राहून पाणी प्यायले,
कागदातला भडंग माझ्यापुढं सरकवला.
मग पिपेट उचलली
आणि कोऱ्या रांगेवर, प्लेटीमागून प्लेट,
एकेक थेंब सोडत गेले.
मी म्हटलं, काका, ह्या उपाशी ठेवायच्यात.
"प्रयोग तर दुपारीच गेला की."

भिंगाखाली डोळा लावला.
थेंबाच्या काठाशी एकजण पोचला होता.
हिरवे ठिपके अजून तसेच, घट्ट,
विश्वास नसल्यासारखे.
मग कुठंतरी एक माग लागला असावा.
ऐकू येत नाही, पण ठिपक्यांच्या कडा
विरघळायला लागल्या.

वहीत लिहिलं: सहा एक्कावन्न. घसा हलतोय.
मागं इलाहीभाई दुसरा खजूर चावत होते.
कुणाचा, ते लिहायचं राहिलं.