कडं

देगलूर रोडला, बंद जिनिंगच्या मागच्या शेडात
इलियासभाईंचं विमान उभं आहे.
दोन माणसांचं. अकरा वर्षं बांधतायत.
आयटीआयमध्ये फिटरची पोरं घडवून झाली,
मग हे.
परवानगीचे कागद अजून दिल्लीत,
तोवर ते आवारातच धावतं,
कापूस पसरायच्या फरशीवरून,
आणि भिंतीआधी थांबतं.

मला बोलावलं, कारण काटा नाचायला लागला.
चाळीस अँपिअर, मग उणे सहा, मग काहीच नाही.
"आल्टरनेटर गेलाय, गयाबाई,
उतरवून न्या, भरून द्या."
मी पंचवीस वर्षं मोटारी भरते,
उदगीरच्या निम्म्या बोअरच्या.
जळालेल्या तांब्याचा वास मला रस्त्यावरून कळतो.
इथे तो नव्हता.
होता तो पेट्रोलचा आणि ताज्या रंगाचा.

आधी बॅटरीची उणे वायर सोडवली,
टोक चिंधीत गुंडाळून बाजूला ठेवलं.
मग पॅनलखाली, पाठीवर,
पाय सीटवर, डोकं पेडलांच्या मधे,
टॉर्च दातांत.

करंगळीएवढ्या जाड वायरीत ओवलेलं
काळं प्लास्टिकचं कडं.
आतून करंट जातो, ते त्याला शिवतही नाही,
भोवती उभं राहून मोजतं,
जसं भिंतीपलीकडच्या भांड्यांवरून
शेजारणीला कळतं
आज घरात किती माणसं जेवली.

पण उभं राहायला जागा हवी.
त्याचा कान तुटलेला. बोल्ट नुसताच उभा.
आपल्याच तीन बारीक तारांना लटकून
इंजिनच्या ठोक्याठोक्याला ते झोके घेत होतं.
एका तारेचे दोनच केस उरले होते.

आणि एक दोरा.
काळा, घामानं कडक झालेला, दोन गाठींचा.
कुणाचा तरी करदोडा.

टॉर्च वळवला.
भाईंना पाने देणारा हणमंत
शेडाच्या दारात, एका हातानं पँट सावरत,
चपलेच्या अंगठ्याकडं बघत.
"कायी दिसायलंय का?" भाईंनी विचारलं.
"थरथरीनं तुटलंय," मी म्हणाले.
अगदीच खोटं नव्हतं.
पाय पडून तडा गेला असेल,
उरलेलं थरथरीनंच केलं.

करदोडा कापला नाही. नखानं गाठी सोडवल्या.

कानाचं टोक तासलं.
अ‍ॅल्युमिनियमची पट्टी वाकवून पकड केली,
आत रबराचा तुकडा,
म्हणजे पत्रा कड्याला चावणार नाही.
तारेला झाळ, वर स्लीव्ह,
आणि बोटभर ढील.
ताणलेली तार आधी तुटते,
हे मोटारी भरणाऱ्या बाईला सांगावं लागत नाही.
कड्यावरचा बाण करंटच्या वाटेनं.
मग मेणाचा दोरा, कॉइलच्या डोक्यांना बांधते तोच,
एक फेरा उलटा, एक त्याच्यावरून,
ओढ,
बोटाला वळ उठेपर्यंत ओढ.
धरून हलवलं.
अख्खं विमान हललं. कडं नाही.

बॅटरी जोडली. काटा शून्यावर.
भाई चढले, चाकांखाली दगड तसेच.
धूळ उठली, पत्र्यावरची कबुतरं उठली,
काटा बारावर आला आणि बसला,
जेवून ओट्यावर बसलेल्या माणसासारखा.
मोठा दिवा लावला: अठरा. विझवला: बारा.
भाई काही बोलले नाहीत.
काचेवर बोटानं दोनदा टकटक केलं.

निघताना करदोडा हणमंताच्या मुठीत दिला.
"पुढच्या बारीला सांगायचं."
"भाय वरडले असते."
"वरडू दे. वर गेल्यावर कोण बांधणार होतं?"

रात्री दुकानात वही उघडली.
छापलेले रकाने: बोअर मोटार, मिक्सर, कूलर, पंखा.
बराच वेळ पेन धरून बसले.
मग लिहिलं:
पंखा, एक. मोठा.
तक्रार, काटा हलतो.
काम, बांधून दिलं.
दोनशे रुपये, येणे.