प्ले

शालिमारला गाडी लावायला जागा मिळेना,
म्हणून नेहरू गार्डनच्या भिंतीपाशी लावली
आणि चालत आलो, मी आणि शलाका.
डिसेंबरची संध्याकाळ, बोटं आखडलेली.
मला वाटलं, पाच मिनिटांचं काम.
एक रिमोट घ्यायचा.
"पप्पा, रिमोट नाही. कंट्रोलर."
बरं, कंट्रोलर.

सोनजेंनी काचेवर एकेक टाकायला सुरुवात केली,
बस्त्याला साड्या टाकतात तसे.
एक पांढरा, कंपनीचा, सहा हजारांचा.
एक काळा, "सेम टू सेम, साहेब", बावीसशे.
एक लाल, आतून दिवे पेटणारा,
त्याला शलाकाने हातही लावला नाही.

ती विचारत होती त्यातलं निम्मं मला कळत होतं.
ब्लूटूथ की डोंगल, लॅग किती,
एका चार्जिंगवर किती तास,
आमच्या कन्सोलला जुळतो
की नुसता कॉम्प्युटरला.
मी दांड्या हलवून बघत होतो.
छत्तीस वर्षं अंबडला लेथवर उभा राहिलो,
हाताला खोडच लागली,
काहीही हातात आलं की आधी प्ले बघायचा.
चकमध्ये प्ले, बेअरिंगमध्ये प्ले,
केसाएवढा सैलपणा.
मोजायला डायल लागते,
कळायला अंगठा पुरतो.

"ह्यात प्ले आहे," काळा खाली ठेवत मी म्हणालो.
सोनजे हसले. "गेमचंच आहे साहेब, प्ले तर असणारच."
शलाकाने हसता हसता काळा बाजूला सारला.

घरच्या जुन्याची दांडी झिजलीय.
हात काढला तरी गाडी डावीकडे ओढते,
मोकळ्या रस्त्यावर आपली आपण
कठड्याला जाऊन घासते.
अलाइनमेंट कर, मी म्हणायचो.
होत नाही पप्पा, आतली पट्टीच गेलीय.
आता सोनजे सांगत होते,
नव्यात लोहचुंबक असतं,
आत कशाला कशाचा स्पर्शच नाही,
मग झिजायचा प्रश्नच कुठे?
मी मान हलवली.
जे कुठेच टेकत नाही ते झिजत नाही.
आमच्या फोरमनला हे सांगायला हवं होतं.

"पप्पा, हा धरा."
पांढरा धरला.
"गॅस द्या."
गॅस उजवीकडे, वर, मागल्या अंगाला,
पहिल्या बोटाखाली.
माझं पहिलं बोट मधल्या पेरापाशी संपतं.
(एकोणनव्वद साल. दुसरी पाळी.
प्रेसवर एकच दिवस उभा होतो,
तोही दुसऱ्याच्या जागी.
कंपनीने रिक्षाभाडं दिलं होतं.)
मधलं बोट लावलं, घसरलं.
"हा धरा."
घसरलं.
"आणि हा?"
अगं, माझ्या मापाने कशाला, खेळणार तू!
ती खोक्यावरची बारीक अक्षरं वाचत राहिली.

एक राखाडी होता, कोपऱ्यात,
पाठीवर दोन जादा पाती असलेला,
मूठ वळली की करंगळीशेजारचं बोट
न सांगता जिथे जातं, तिथेच.
"कुठलंही बटण इथे आणता येतं ना?"
तिने विचारलं, माझ्याकडे न बघता.
येतं, सोनजे म्हणाले. साडेचार.
मी खिशात हात घातला,
तोवर तिचा फोन बोलून गेला होता,
पैसे मिळाले म्हणून.

"वॉरंटी कोणाच्या नावाने?"
"पुंजाराम निवृत्ती आहेर," ती म्हणाली,
आणि स्पेलिंग सांगू लागली.
मी बाहेर येऊन उभा राहिलो.
समोर एक पोरगा हातगाडीवर
शेंगा भाजत होता, उगाच बघत बसलो.

रात्री जेवणं झाल्यावर, पवननगरच्या दोन खोल्यांत,
ती खाली चटईवर, मी पलंगावर.
नवा माझ्या हातात दिला, जुना तिने घेतला.
पहिल्या फेरीत मी चारदा उलटलो,
एकदा तर थेट तलावात.
दुसऱ्या फेरीला बोटाला जागा सापडली.
पुढे कोण होतं ते आता आठवत नाही.
मध्येच खाली नजर गेली,
सगळा वेळ ती अंगठ्याने
गाडी उजवीकडे रेटत होती.