रस्ता जिथे संपतो

आम्ही आलो तेव्हा इथे आठशे घरं होती
आणि एकच सिग्नल, तोही नुसता पिवळा लुकलुकणारा.
नेब्रास्कातलं घर विकलं, बर्फाचं फावडं शेजाऱ्याला दिलं,
डॉयल म्हणाला, आता काही उचलायचं नाही.

दर रविवारी चर्चनंतर गोल्फकार्ट काढायची
आणि रस्ता जिथे संपतो तिथवर जायचं.
बारा मिनिटं. थर्मास, हॅमची दोन सँडविचं.
डांबर संपे, पुढे नारिंगी जाळी,
जाळीपलीकडे चुनखडीची पांढरी माती,
त्याही पलीकडे कुणाची तरी गुरं, कलिंगडाचा वाफा,
आणि तांबड्या टाळूचे दोन सारस,
भाडं थकलेल्या बिऱ्हाडाकडे घरमालकानं बघावं
तसे आमच्याकडे बघत उभे.

पुढच्या रविवारी शेवट थोडा पुढे सरकलेला.
डॉयल उतरून पावलांनी मोजायचा.
मी तीस वर्षं शाळेची बस चालवली,
मला रस्त्याचा शेवट कधीच आवडला नाही:
तिथे बस वळवायला जागा नसते.

वस्त्यांना आधी झाडांची नावं दिली,
तोडून झाल्यावर. मग पक्ष्यांची.
मग नावंच संपली, तेव्हा बिल्डरच्या नातींची.
लोक पत्ता सांगताना म्हणू लागले,
थेल्मा ओलांडा, ऑगस्टात शिरा, डावीकडे तिसरं घर.
आम्ही हसायचो. आम्ही सायप्रसमधले, जुने,
एकही सायप्रस नसलेले.

सकाळी सातला हातोडे.
छपरावर होंडुरासची पोरं; त्यातला विल्मर
वरूनच हात करायचा.
इमोजीन श्लेगल लाइन डान्स शिकवायची
ती त्याच ठेक्यावर, टेप बंद पडली की.
तक्रारी पुष्कळ झाल्या, धुळीच्या, ट्रकच्या, आवाजाच्या,
मीही एका अर्जावर सही केली होती.
पण खरं सांगू? हातोडे वाजत होते
तोवर आमच्यातलं कुणी म्हातारं नव्हतं.
बांधकाम चालू असलेल्या जागी
कोण कशाला म्हातारं होईल?

अँब्युलन्स इथे भोंगा न वाजवता येते.
गॅरेजचं दार वर जातं, आठवड्यानं
टेबलावर मांडलेल्या बश्या, गोल्फचे बूट, एक डॉलर, दोन डॉलर.
महिन्याभरात नवीन पडदे.
ही वाढ नकाशावर दिसत नाही.

सोळाव्या वर्षी रस्त्याचा शेवट
पन्नास मिनिटांवर गेला.
बॅटरी परतीला पुरेना.
त्याच सुमाराला डॉयलही.

यंदा मार्चमध्ये विक्रीचं ऑफिस बंद झालं.
भिंतभर नकाशा, त्यावर गोवर आल्यासारख्या लाल टाचण्या.
शेवटची टाचणी लावली, केक कापला,
आणि नकाशा कुणाला हवाय का, म्हणून विचारलं.
कुणी बोलेना. मी घेतला.
कॉटखाली सरकवून ठेवलाय, मावत नाही, कोपरा बाहेर येतो,
रात्री उठलं की पायाला लागतो.

परवा रविवारी एकटीच गेले.
विल्मर भेटला, केस पांढरे, ट्रकवर स्वतःचं नाव,
आता दुरुस्त्या करतो. म्हणाला, पहिली छपरं गळायला लागलीत.
काम भरपूर आहे.

शेवटी जाळी नाही. काँक्रीटचा कठडा,
पलीकडे सरकारी दलदल, तिथे कुणालाच बांधता येणार नाही.
शेवटच्या घरात एक माणूस स्वतः सोफा ओढत होता,
छप्पन्न-सत्तावन्नचा, माझ्या बसमध्ये बसला असता
पुढच्या सीटवर, डबा मांडीवर घेऊन.
घाम पुसत म्हणाला, इथे शांत असतं का हो?
मी जरा ऐकलं.
म्हटलं, आता असेल.

आणि रस्ता तिथे गोल आहे, चांगला ऐसपैस,
शाळेची बससुद्धा एका दमात वळली असती.
मी दोनदा वळवून पाहिलं.
त्या माणसाला वाटलं असेल, वाट चुकली म्हातारी.

परतीला बॅटरी पुरली. नवी आहे, लिथियमची.
हे डॉयलला सांगायचं राहिलं.