मेज मांडू नका

मलखाझ म्हणाला, गिऱ्हाईक येईल तेव्हा मेज मांडू नका.
चहा चालेल. खाचापुरी नाही.
ज्यानं तुमच्या हातचं खाल्लं
त्याच्याकडे तुम्ही पैसे मागूच शकत नाही,
ओळखतो मी तुम्हाला, नाझिब्रोला बाई.

मी म्हटलं, कुताइसीत दारात आलेल्या माणसाला
नुसत्या चहावर कुणी वाटेला लावतं का?
तो म्हणाला, हा माणूस दारात येत नाहीये.
दार घ्यायला येतोय.

गप्प बसले.

दलाल म्हणजे माझाच विद्यार्थी,
सातवीत भूगोलात गटांगळ्या खाल्लेला.
आता मला धडा देत होता:
सज्जा गळतो ते आधी सांगा, त्यांनी विचारायच्या आत.
घर का विकताय ते शेवटपर्यंत नाही.
दोष लपवला की भरवसा जातो,
गरज दाखवली की भाव जातो.
आणि समोरून आकडा आला
की सातपर्यंत मोजा. मनात.
ओठ हलवायचे नाहीत, बाई, तुमचे हलतात.

पहिल्या गिऱ्हाइकाला मी सगळं सांगून टाकलं.
मुलगा पोझनानला, तिथले हप्ते थकलेत,
मार्चच्या आत पैसे पोचले नाहीत तर...
त्यानं मान इतकी हळुवार हलवली
की वाटलं, काय सज्जन माणूस.
संध्याकाळी मलखाझचा फोन:
तुमचा सज्जन चौदा हजारांनी खाली आलाय.

दुसरी एक बाई, टेप घेऊन, अबोल.
तिच्या गप्प राहण्यानं मला इतकं अवघडलं
की हे कुठल्या खोलीत गेले, कुठल्या पलंगावर,
खिडकी तेव्हा उघडी होती की बंद,
सगळं सांगत बसले.
टेप खटकन आत गेली.
तीही.

मग रविवारी खातिया आली. नवरा, आणि
हातात पायमोजा धरून चालणारा एक मुलगा.
मी थेट सज्ज्याच्या कोपऱ्यात नेलं.
पश्चिमेचा वारा असला की इथे पाणी येतं,
खाली परात ठेवावी लागते.
प्लॅस्टिकची ठेवा, पितळी रात्रभर वाजते.
नवऱ्यानं वहीत लिहून घेतलं.
खातिया हसली. परातीला हसली असावी.

घर का विकताय?

जिना, मी म्हटलं.
एकोणीस पायऱ्या, आणि गुडघे दोनच.
खरं होतं ते.
खऱ्याचा एक तुकडा,
उरलेला अ‍ॅप्रनच्या खिशात, किल्ल्यांशेजारी,
आणि माझा हात त्यावर.

तो म्हणाला, पंचावन.

एक.
दोन. खाली रिओनी नदी दगडांवरून.
तीन. मलखाझ छताकडे बघतोय, कधी नव्हे तो.
चार. मुलगा पायमोजा कठड्याला बांधतोय.
चाळीस वर्षं वर्गात शांतता मागितली,
अशी एकदाही मिळाली नव्हती.
पाच, किती लांब आहे हा पाच,
जीभ दातांमागे उभी,
चालेल, म्हणायला टपलेली. सहा

तो खाकरला. म्हणाला, साठ,
आणि कोपरा आम्ही दुरुस्त करून घेऊ.

सात मी तरीही मोजला.
अर्धवट सोडायची सवय नाही.

इसाराचे पैसे मेजावर पडले
तेव्हा खातियानं वर बघून विचारलं,
हा वेल कोण छाटतं?
फेब्रुवारीत, म्हटलं, थंडी ओसरता ओसरता.
काडीला दोन डोळे ठेवायचे, तिसऱ्याचा मोह करायचा नाही.
मी येईन दाखवायला.

मलखाझ खोकला. हे ठरलं नव्हतं.
जिन्याचं काय, असं तिनं विचारलं नाही.
मीही सांगितलं नाही
की वेलाची शिडी तेवीस पायऱ्यांची आहे.

उठले.
बसा, म्हटलं, आता कुठे जाता.
पीठ सकाळीच मळून ठेवलं होतं.